दोनशे यार्ड खाली

इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीच्या काठी घर घ्यायचं ठरलं की वकील एक जादा कागद मागवतो. घराच्या खाली कोळशाची खाण होती का, कोणत्या थरातला कोळसा काढला, शेवटचं काम कधी झालं, वीस मीटरच्या आत जुन्या खाणीचं तोंड आहे का, हे सगळं त्यात असतं. आमच्या घराच्या कागदावर लिहिलं होतं की खाली एकाहून जास्त थरांत खाणकाम झालं आहे, पण जमिनीची त्यामुळे होणारी हालचाल आता थांबलेली असावी. माझ्या नवऱ्याने तेवढं वाचून सुटकेचा श्वास टाकला. बँकेलाही तेवढंच हवं होतं. मी मात्र तो कागद रात्री पुन्हा काढून बसले, कारण मी चंद्रपूरकडची आहे आणि माझे बाबा खदानीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, होते.

खदानीच्या गावात वाढलेल्या माणसाला जमीन भरीव वाटतच नाही. दुपारी ब्लास्टिंग झालं की फडताळातली भांडी वाजायची आणि आई हात न थांबवता पोळी लाटत राहायची. पायाखाली माणसं काम करताहेत, त्यात आपले बाबा आहेत, हे आम्हा भावंडांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. अंगणात उड्या मारू नका, बाबांच्या डोक्यावर माती पडेल, असं धाकट्याला मी सांगायची आणि तो खरोखर पाय न वाजवता चालायचा.

आता मी राहते ते गाव फेलिंग. गेट्सहेडला लागून आहे, उतारावर वसलेलं, आणि उतार थेट टाइनकडे जातो. विटांची घरं, दारात गाड्या, मागे कपडे वाळत घातलेले. मेट्रो जाते. खाण म्हणावी असं डोळ्यांना काही दिसत नाही. ती 1931 साली कायमची बंद झाली आणि तिच्या आठवणी असलेली पिढीही आता संपत आली. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे कोळसा निघत होता. ब्रँडलिंग घराण्याच्या मालकीच्या जमिनीतली म्हणून तिला ब्रँडलिंग मेन म्हणत. वरचा थर, हाय मेन, संपत आला तेव्हा 1810 मध्ये त्याच्याखालचा लो मेन उघडला. त्याला दोन विहिरी होत्या. जॉन पिट 204 यार्ड खोल, विल्यम पिट 232 यार्ड. दोहोंमध्ये साडेपाचशे यार्डांचं अंतर. दोनशे यार्ड म्हणजे सहाशे फूट. आमच्या बाबांच्या खदानीपेक्षा हे किती तरी खोल.

या खोलीवर हवा कशी पोचवायची हा सगळा प्रश्न होता. विल्यम पिटच्या बाजूला भट्टी पेटती ठेवायची. तिच्या उष्णतेने हवा त्या विहिरीतून वर चढायची आणि तिची जागा घ्यायला जॉन पिटमधून ताजी हवा खाली ओढली जायची. पण हवा जवळची वाट धरते. तिला लांबच्या, कोळसा तोडणाऱ्या माणसांपर्यंत न्यायचं तर मधल्या वाटा दारांनी बंद ठेवाव्या लागतात. आणि कोळशाच्या गाड्या त्याच वाटांनी जाणार, म्हणून दार गाडीपुरतं उघडून लगेच लावायला कोणीतरी बसवावं लागतं. त्या कामाला ताकद लागत नाही. म्हणून तिथे मुलं बसवत. आठ वर्षांची, दहा वर्षांची. दोरी हातात धरून अंधारात बसायचं, गाडीचा आवाज आला की ओढायची, गाडी गेली की सोडायची. एका मुलाला झोप लागली आणि दार उघडं राहिलं तर पुढच्या भागात मिथेन साठायचा. सगळ्या खाणीचा श्वास त्या मुलांच्या हातात होता. उजेडाला मेणबत्ती. जिथे मेणबत्ती धोक्याची तिथे पोलादी चाक गारगोटीवर फिरवून उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात काम चालायचं.

25 मे 1812, सोमवार. सकाळी साडेअकराच्या सुमाराला जॉन पिटमधून लागोपाठ दोन स्फोट बाहेर आले आणि क्षणात विल्यम पिटमधून तिसरा. अर्ध्या मैलाच्या परिसरात जमीन हादरली. तीनचार मैलांवर आवाज गेला. कोळशाची भुकटी इतकी उडाली की शेजारच्या ह्यूवर्थ गावात भर दुपारी तिन्हीसांजेसारखं अंधारून आलं, आणि रस्त्यांवर तिचा असा थर बसला की चालणाऱ्यांची पावलं त्यात स्पष्ट उमटली.

ते रस्ते अजून आहेत. मी त्यांवरून भाजी आणायला जाते.

बायका आणि मुलं विहिरीकडे धावली. वर ओढणारं यंत्र निकामी झालं होतं. घोड्यांनी फिरवायचा एक रहाट शिल्लक होता, पण घोडे जागेवर नव्हते. तेव्हा माणसांनीच घोड्यांच्या जागी खांदे लावले आणि रहाट फिरवायला सुरुवात केली. बारा वाजेपर्यंत 32 जणांना जिवंत वर काढलं, आणि दोन मुलांचे देह. त्या 32 पैकी तीन मुलं काही तासांत गेली. स्फोटाच्या वेळी खाली 121 जण होते. 29 वाचले. आणखी आठ जण स्फोटाच्या थोडंच आधी निरनिराळ्या कामांनी वर आले होते. त्यांतला एक गाडी ढकलणारा होता. त्याची दाढ फार दुखत होती म्हणून तो काम सोडून आला. या सगळ्या हकिगतीत मला त्या माणसाचा विचार वारंवार येतो. उरलेलं आयुष्य त्याने आपल्या त्या दाढेबद्दल काय म्हटलं असेल?

सत्त्याऐंशी जण आत राहिले. शोधाला उतरलेली माणसं धुराने आणि विषारी वायूने परतली. आत आग धुमसत होती. ती विझवायची तर हवा तोडायला हवी, म्हणजे विहिरींची तोंडं बुजवायला हवीत. खाणीचं व्यवस्थापन त्या निर्णयाला आलं तेव्हा जमावातून खुनाचा आरोप झाला. पूर्वी अडकलेली माणसं किती दिवस जगली त्याच्या गोष्टी लोक एकमेकांना सांगत होते. ज्याचं माणूस आत आहे त्याला आशेसाठी पुरावा लागत नाही, आणि विहिरीवर माती पडताना पाहणं काय असेल याची मला कल्पनाही करवत नाही. व्यवस्थापनाचा निर्णय बहुधा बरोबर होता; आत कोणी जिवंत राहणं शक्य नव्हतं. तरी मला वाटतं की ओरडणाऱ्या लोकांचंही चुकलं नाही. त्यांनी आरोप केला तो त्या एका दिवसाच्या निर्णयावर नव्हता. ज्यांचा हिशेब कधी कोणी मागितला नाही अशा साऱ्या आधीच्या मरणांचा तो आरोप होता.

8 जुलैला खाण पुन्हा उघडली. त्या दिवसापासून 19 सप्टेंबरपर्यंत देह सापडत राहिले. एका ठिकाणी एकवीस जण एकत्र पडलेले होते. चेहऱ्यावरून ओळखणं शक्यच नव्हतं. कपडे, बूट, तंबाखूची डबी यांवरून आयांनी आणि बायकांनी आपापलं माणूस ओळखलं. एकूण 92 मृत्यू. 91 जण मिळाले. एकजण कधीच मिळाला नाही. ह्यूवर्थच्या चर्चच्या आवारात लांब चर खणला, पेट्या शेजारी शेजारी, एकीवर एक अशा दोन थरांत ठेवल्या आणि दर चार पेट्यांनंतर विटा-चुन्याची भिंत घातली.

हे सारं इतकं बारकाईने आपल्याला कळतं ते एका माणसामुळे. जॉन हॉजसन, ह्यूवर्थचा धर्मोपदेशक. दफनाचे विधी त्याने केले. त्या काळी या भागातली वृत्तपत्रं खाणीतल्या अपघातांवर फारसं छापत नसत. मालकांना ते रुचत नसे. हॉजसनने ते मौन मोडलं. 1813 मध्ये त्याने आपलं प्रवचन छापलं आणि त्याला खाणीचं वर्णन, हवेची वाट, त्या दिवसाचा घटनाक्रम आणि मृतांची यादी जोडली. नाव, वय, काम. कोळसा तोडणारा, गाडी ढकलणारा, दारावरचा. आठ वर्षांच्या मुलापुढेही त्याचं काम लिहिलं आहे. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की हॉजसनने त्या मुलांना दयेची मुलं म्हणून लिहिलं नाही, कामगार म्हणून लिहिलं. त्यामुळे त्यांच्या मरणाचा जाब विचारता येऊ लागला.

पुढचं बरंचसं शाळेच्या पुस्तकांत आहे. फेलिंगच्या त्या स्फोटाने हादरलेल्या लोकांनी 1813 मध्ये संडरलंडला अपघात टाळण्यासाठी एक संस्था काढली, 1815 मध्ये हम्फ्री डेव्ही या भागात आले, हॉजसन त्यांना भेटला, खाणीतल्या वायूने भरलेल्या बाटल्या लंडनला गेल्या. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी लावली तर बाहेरचा वायू पेट घेत नाही, हे डेव्हींनी दाखवलं. जानेवारी 1816 मध्ये शेजारच्या हेबर्नच्या खाणीत तो दिवा उतरवला. त्याच सुमाराला डॉक्टर क्लॅनी आणि किलिंगवर्थच्या खाणीतले जॉर्ज स्टीफन्सन यांनीही आपापले दिवे केले होते. पुस्तकं इथे थांबतात, दिवा पेटतो आणि धडा संपतो. पण दिवा आला म्हणून मालकांनी ज्या जागा वायूमुळे सोडून दिल्या होत्या त्या पुन्हा उघडल्या, आणि मरणं थांबली नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलांना खाली उतरवायला बंदी आली ती 1842 मध्ये. फेलिंगनंतर तीस वर्षांनी. त्या तीस वर्षांत दारं कोणी सांभाळली?

नदीच्या पलीकडे, न्यूकॅसलमध्ये, हीटन नावाचा भाग आहे. तिथे माझी एक मैत्रीण राहते. रांगेतली घरं, झाडं, कॅफे, संध्याकाळी बाबागाड्या घेऊन निघालेली तरुण जोडपी. त्याच्या खाली हीटन मेनची खाण आहे. 3 मे 1815 रोजी तिथे कोळसा तोडताना भिंतीतून पाणी आलं. पलीकडे जुनी खाण होती, 1745 मध्ये सोडून दिलेली, सत्तर वर्षांत पाण्याने काठोकाठ भरलेली. ती नेमकी कुठवर पसरली आहे याचा भरवशाचा नकाशा नव्हता. 41 पुरुष आणि 34 मुलं, 75 जण अडकले. वरच्या चढावर असलेल्यांपर्यंत पाणी पोचलंही नव्हतं. त्यांची बाहेरची वाट मात्र पाण्याखाली होती. उपसा करून त्यांच्यापर्यंत पोचायला पुढच्या वर्षाचा फेब्रुवारी उजाडला.

म्हणजे ही माणसं पाण्याने जितकी मेली तितकीच नकाशा नव्हता म्हणून मेली. नकाशे मालकांच्या कपाटात असत, खाण बंद झाली की कपाटासकट जात. खाण सोडताना तिचा नकाशा सरकारकडे जमा केलाच पाहिजे असा कायदा ब्रिटनमध्ये 1872 साली झाला. आज इथल्या खाण प्राधिकरणाकडे दीड लाखाहून अधिक खाणतोंडांची नोंद आहे, आणि देशातली जवळपास चौथ्या हिश्श्याची घरं जुन्या कोळसापट्ट्यावर उभी आहेत. माझ्या हातात आलेला तो जादा कागद हा त्या सगळ्याचा शेवट. मला तो नुसता कोरडा सरकारी कागद वाटत नाही. हीटनच्या पंच्याहत्तर जणांकडे जी माहिती नव्हती ती मला काही पौंडांत घरपोच मिळाली.

हे लिहिताना घुग्घुस डोळ्यांपुढून हटत नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातलं, माझ्या माहेराजवळचं गाव. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक राहतं घर उभंच्या उभं जमिनीत गेलं. जमीन हलल्याचं जाणवताच घरातली माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खदान होती. आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावं लागलं. बातमी बघून मी बाबांना फोन केला तर ते बराच वेळ पिलरबद्दल बोलत राहिले. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात. ते किती जाड सोडले, नंतर कोणी कातरले का, पोकळीत वाळू भरली होती का, यावर वरचं सगळं अवलंबून असतं. वरच्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. त्याने आयुष्यभराची कमाई घालून घर बांधलेलं असतं आणि तुळशीवृंदावन, न्हाणीघर, गोठा यांच्या जागा ठरवताना तो दिशा बघतो, खोली बघत नाही. ही खोली त्याला आधीच सांगायला हवी होती. फेलिंगच्या जमावाची ओरड मला घुग्घुसमधून जास्त चांगली कळली, हे मी इथे नमूद करते.

गेट्सहेडमध्ये आता एक नवी गोष्ट झाली आहे. बंद खाणी पाण्याने भरल्या आहेत आणि जमिनीच्या उष्णतेने ते पाणी बारा महिने साधारण पंधरा अंश तापमानाला राहतं. दीडशे मीटर खोल बोअर घेऊन ते पाणी वर आणतात, उष्णता पंपाने त्याची ऊब काढून घेतात आणि पाणी परत खाली सोडतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेवर शेकडो घरं, नदीकाठचं मोठं संगीतगृह आणि कलादालन गरम राहतं. आमच्या घरापर्यंत ती वाहिनी आलेली नाही. पण हिवाळ्यात गेट्सहेडच्या एका उंच इमारतीत ओळखीच्या आजींकडे गेले होते, तेव्हा रेडिएटरवर हात ठेवून त्या म्हणाल्या की त्यांच्या वडिलांनी खाणीत जन्म काढला आणि ते पाण्याला शिव्या घालत घरी यायचे. आता तेच पाणी. त्यांना त्याचा आनंद होता, मलाही झाला. खालच्या पोकळीशी इतकं उघड, मोजूनमापून नातं ठेवणारं शहर मला आवडतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. त्यांना लंडन दाखवलं, एडिंबरा दाखवलं. ते सगळीकडे कौतुकाने फिरले आणि लवकर थकले. ह्यूवर्थच्या चर्चला मात्र स्वतः म्हणून निघाले. आवारात फेलिंगच्या मृतांचा दगडी स्तंभ आहे, नऊ फुटांचा, चारी बाजूंना पितळी पत्रे, त्यांवर नावं आणि वयं. बाबांना इंग्रजी नावं वाचायला वेळ लागतो. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट लावून वाचायला सुरुवात केली. मला वाटलं ते वयं बघताहेत. सगळे तिथे वयंच बघतात.

एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेले, परत पहिल्या बाजूला आले. मग म्हणाले, "ही आडनावं बघ. हे तीन एका घरचे दिसतात. हा बाप असेल, हे पोरं."

मी म्हटलं, हो, भाऊ आणि बाप-लेक बरेच होते. पहिली पाळी निघायची आणि दुसरी आत आलेली, त्या वेळी स्फोट झाला. दोन्ही पाळ्या खाली होत्या.

"ते झालंच," बाबा म्हणाले. "पण एका घरचे दोघं एका वेळी खाली काहून? मी हाजरी लावायचो तेव्हा भाऊ-भाऊ कधी एका पाळीत ठेवले नाहीत. कोणी सांगितलं नव्हतं. कागदावर तसा नियमही नव्हता. सायबाने एकदा विचारलं तर म्हटलं, घरी एक तरी उरला पाहिजे."

तीस वर्षं बाबांनी हे केलं होतं आणि मला ते त्या दिवशी कळलं. पाळी बदलून द्या म्हणून घरी येणारी माणसं, बाबांचं नाही म्हणणं, आईचं मधे पडणं, हे सगळं मी लहानपणी पाहिलं होतं आणि त्याला बाबांचा हट्ट समजत होते.

त्यांनी मला वही काढायला सांगितली. पितळेवरची नावं अक्षरांच्या क्रमाने आहेत. बाबांना ती घरांच्या क्रमाने हवी होती. ते आडनाव वाचायचे, मी त्याखाली वयं लिहायची, वरचं वय बापाचं धरून. कुठे एक चुलता असेल, कुठे नुसतंच सारखं आडनाव, हे दगडावरून ठरवता येत नव्हतं. तिथे बाबा प्रश्नचिन्ह घालायला सांगत. दुसरी बाजू संपेपर्यंत पाऊस आला. बाबा म्हणाले, छत्री धर, अजून दोन बाजू राहिल्या.